नकाशे मेमरी कार्डावर टाकले होते, राजगड–तोरणा वाटेवर कोरे निघाले. कुठे चुकलं?

पायवाट | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, जरा लांबण लावतोय, पण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद प्रश्न विचारण्यातच जातात, म्हणून.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघे राजगड–तोरणा करायला निघालो. गुंजवण्यातून चढून पद्मावती माचीवर मुक्काम, सकाळी संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरायचं आणि डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची, असा नेहमीचाच बेत. वाट तिघांपैकी कुणीच केलेली नव्हती. पण माझ्या फोनमध्ये ओएसमँड हे विनानेट नकाशे दाखवणारं ॲप होतं, त्यात अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा आणि मित्राने दिलेली जीपीएक्स फाईल, म्हणजे त्याने चाललेल्या वाटेची नोंद. त्यामुळे वाटाड्या घेतला नाही.

अळू दरवाजा उतरलो आणि ढगात शिरलो. गवत कमरेच्या वर, पावसाळ्यात वाट बुजलेली. फोन काढला, ॲप उघडलं. निळा ठिपका जागेवर. ठिपक्याभोवती काहीच नाही! फिकट कोरा पडदा, लांब कुठेतरी हायवेची एक रेघ. जीपीएक्सची रेघसुद्धा नाही. नेटवर्क नव्हतंच. तासभर कारवीत इकडेतिकडे केलं, मग निमूट परत वर चढलो आणि आलो त्या वाटेने गुंजवण्यात उतरलो.

आता तपशील. फोन अँड्रॉइड १२, आतली मेमरी ६४ जीबी, त्यातली जेमतेम ५ शिल्लक. म्हणून गणपतीच्या सुमारास ऑनलाइन सेलमध्ये १२८ जीबीचं कार्ड घेतलं. आधी जुने फोटो-व्हिडिओ त्यावर हलवले, मग ओएसमँडच्या सेटिंग्जमध्ये डेटा साठवण्याचं फोल्डर बाहेरच्या कार्डावर नेलं आणि नकाशे उतरवले. निघायच्या आदल्या रात्री विमान मोड लावून बघितलंही होतं. गुंजवण्यातली घरं दिसत होती हो!

घरी आल्यावर नकाशा पुन्हा उतरवला. चालला. सकाळी फोन बंद-चालू केला, परत कोरा. फाईल मात्र कार्डावर आहे, नाव बरोबर, आकारही बरोबर. हे असं तीनदा झालंय. डोकं चालेनासं झालंय.

खडूस_काका | शनिवार, रात्री ९:३०

कागदी नकाशा न्यावा. बॅटरी लागत नाही, कार्ड लागत नाही, कोरा पडत नाही.

घाटवाट | शनिवार, रात्री ९:४८

काका आले, धागा सुरू झाला.

पायवाट, सगळ्यात आधी एक बघा. फोन बंद-चालू केल्यावर डेटा फोल्डरचं सेटिंग कुठे दाखवतंय? कार्ड लागायला दोन-चार सेकंद उशीर झाला आणि त्याआधी ॲप उघडलं, तर ॲपला तिथे काहीच सापडत नाही आणि ते आतल्या मेमरीकडे बघायला लागू शकतं. नकाशे कार्डावर सुखरूप असतात, ॲप भलत्या कपाटात शोधत बसतं.

दुसरं, सूचनांमध्ये 'एसडी कार्ड अनपेक्षितपणे काढलं' असं कधी आलं होतं का? हायब्रिड ट्रेमध्ये, म्हणजे सिम आणि कार्ड एकत्र बसतात त्या ट्रेमध्ये, कार्ड नीट बसलं नाही तर हे होतं. ट्रे काढून कार्डाच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसून बघा. खोडरबराने घासू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

पायवाट | शनिवार, रात्री १०:०५

सेटिंग कार्डावरच आहे, बदललेलं नाही. तशी सूचना कधी आली नाही. पट्ट्या पुसल्या, फरक शून्य.

काका, कागदी नकाशा ढगात दिसतो का?

खडूस_काका | शनिवार, रात्री १०:११

हातात असतो तेव्हा दिसतो. शिवाय मला एक सांगा, नेटवर्क नव्हतं म्हणता, मग तो निळा ठिपका कशाच्या जोरावर उभा होता?

नकाशेगिरी | शनिवार, रात्री १०:४०

काकांचा प्रश्न रास्त आहे, बऱ्याच जणांचा इथे घोळ होतो. ठिपका आणि नकाशा ही दोन वेगळी खाती आहेत. ठिपका येतो उपग्रहांकडून, फोन फक्त ऐकतो, त्याला सिमही लागत नाही. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत याचा कागद आयता हातात मिळतो म्हणून ठिपका झटकन येतो. नेट नसेल तर तोच कागद उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या वेगाने उतरवून घ्यावा लागतो. जीपीएसचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. कामापुरता भाग अर्ध्या मिनिटात येतो, पण त्यासाठी आकाश उघडं हवं. म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या, झाडीत शिरायच्या आधी, एकदा ठिपका येऊ द्यावा.

नकाशा मात्र फाईलमधून येतो. ओएसमँडची .ओबीएफ, ऑर्गॅनिक मॅप्स या तशाच दुसऱ्या ॲपची .एमडब्ल्यूएम. ती वाचता आली नाही की ओएसमँड सोबत आलेला जगाचा ढोबळ नकाशा दाखवतं. तुम्हाला दिसलेली हायवेची रेघ त्यातलीच. म्हणजे ॲप ठणठणीत आहे, फाईल वाचता येत नाहीये.

आता फाईलचं नाव आणि आकार बरोबर असूनही आतलं वाचता येत नाही, याचा अर्थ मला एकच दिसतो. पण तो सांगण्याचा मान मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या आपल्या मिरजकरांचा.

अळूवडी | शनिवार, रात्री ११:०२

माझंही असंच झालं होतं, पण कारण वेगळं होतं. ॲप अडकत होतं म्हणून मी ते काढून टाकलं आणि पुन्हा टाकलं. मनात म्हटलं, नकाशे तर कार्डावर आहेत, ते कुठे जातात? सगळे गेले. कार्डावरचेसुद्धा! वर दोन वर्षांचे माझे ट्रॅक आणि टिपलेल्या जागा. सांदण दरीतल्या पाण्याच्या खुणा, पाचनईतल्या ज्या घरी जेवण मिळतं तिथली खूण, सगळं.

घाटवाट | शनिवार, रात्री ११:२०

अळूवडीताई, हे अगदी नियमानुसार झालं, दुर्दैवाने. २०१३ मध्ये अँड्रॉइडची किटकॅट आवृत्ती आली तेव्हापासून ॲपला कार्डावर बिनपरवाना एकच खोली मिळते: अँड्रॉइड, त्यात डेटा, त्यात त्या ॲपच्या नावाचं फोल्डर. भाडेकरू गेला की खोली झाडून रिकामी करतात. खोली आतल्या मेमरीत असो की कार्डावर, नियम तोच. पुढे अँड्रॉइड ११ पासून तर दुसऱ्या ॲपला, साध्या फाईल मॅनेजरलाही, त्या खोलीत डोकावायची बंदी झाली. त्यामुळे लोकांना वाटतं फाईली गायब झाल्या. असतात तिथेच, दाराला कुलूप असतं. कार्ड काढून लॅपटॉपच्या रीडरमध्ये घाला, सगळं दिसेल.

ॲप काढण्याआधी ओएसमँडमधून ट्रॅक आणि आवडत्या जागा निर्यात करून स्वतःलाच मेल कराव्यात. थोड्याच जागेचा मामला असतो. नकाशा पुन्हा उतरवता येतो, तुमच्या खुणा नाही येत.

मोबाईलवाला_मिरज | रविवार, सकाळी ७:३५

दुकान उघडायच्या आधी लिहितोय. सगळं वाचलं. पायवाटभाऊ, कार्ड डुप्लिकेट आहे. पैज लावा.

माझ्याकडं महिन्याला अशी पाच-सहा येतात. वरचं छापील अगदी अस्सल, पाकीटपण चकचकीत. आत चिप असती ८ नाहीतर १६ जीबीची. तिच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतंय, कुणी विचारलं की सांग १२८. फोन विचारतो, कार्ड म्हणतं १२८. फोनचा विश्वास बसतो. तुम्ही फॉर्मॅट मारा, तरी १२८ च दिसणार, कारण फॉर्मॅट करताना कार्डभर कुणी फिरून बघत नाही, फक्त सुरुवातीला कोरी अनुक्रमणिका लिहितात. खरी चिप भरंपर्यंत सगळं झकास चालतं. भरली की पुढचं जे लिहाल ते वाऱ्यावर. कार्ड 'लिहिलं' म्हणतं आणि फेकून देतं. काही कार्डं तर परत पहिल्यापासून लिहायला लागतात, म्हणजे जुने फोटोपण जातात.

फाईलचं नाव न् आकार बरोबर दिसतंय ते का? तर नाव-आकार अनुक्रमणिकेत असतंय आणि अनुक्रमणिका कार्डाच्या सुरुवातीला, खऱ्या चिपेत. वहीची अनुक्रमणिका शाबूत, आतली पानंच नाहीत.

तुम्ही आधी फोटो हलवले म्हणालात. किती जीबी होते?

पायवाट | रविवार, सकाळी ८:१०

अंदाजे १७-१८ जीबी.

अरे देवा. आत्ता गॅलरी उघडून बघितली. लहान चौकोन सगळे दिसतायत, पण शेवटच्या महिन्यांतला फोटो मोठा करायला गेलो की करडा पट्टा येतोय.

मोबाईलवाला_मिरज | रविवार, सकाळी ८:१४

लहान चौकोन फोनच्या आतल्या मेमरीत साठवलेले असतात. कार्डावरचा मूळ फोटो गेला तरी ते दिसत राहतात. त्यामुळं माणूस वर्षभर निर्धास्त असतो. आता त्या कार्डावर नवीन काही लिहू नका. आधी जे वाचतंय ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. गिऱ्हाईक आलं, नंतर बोलतो.

पायवाट | रविवार, सकाळी ८:२०

पण मग निघायच्या आदल्या रात्री नकाशा दिसला कसा? हे मला कळत नाहीये. विमान मोड होता, नेटवरून आला असण्याची शक्यताच नाही.

नकाशेगिरी | रविवार, सकाळी ९:०५

यातच तर खरी मेख आहे आणि म्हणूनच ही चोरी पटकन पकडता येत नाही. फोन एखादी फाईल कार्डावर लिहितो तेव्हा तिची एक प्रत रॅममध्ये, म्हणजे फोन बंद केला की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत, काही काळ हाताशी ठेवतो. लगेच वाचायला गेलात तर कार्डापर्यंत जाण्याची तसदीच घेत नाही, रॅममधलीच दाखवतो. तुम्ही रात्री उतरवला, रात्रीच बघितला, रॅममधला नकाशा बघितला. मधे फोन बंद-चालू झाला किंवा रॅमला दुसऱ्या कामासाठी जागा लागली, की प्रत गेली. मग फोन पहिल्यांदा खरोखर कार्डाकडे गेला आणि तिथे काही नव्हतं.

तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर होतं: 'सकाळी फोन बंद-चालू केला, परत कोरा.'

म्हणून ऑफलाइन नकाशाची तालीम करायची तर विमान मोड पुरेसा नाही. फोन पूर्ण बंद करून चालू करायचा, मग विमान मोड, आणि मग नुसतं मुक्कामाचं गाव न बघता अख्खी वाट बोटाने सरकवत, जवळ आणून बघायची.

खडूस_काका | रविवार, सकाळी ९:३०

मला जे कळलं ते असं: दुकानदाराने फसवलं, कार्डाने फसवलं, फोनने फसवलं आणि रॅमने खोटी साक्ष दिली.

घाटवाट | रविवार, सकाळी ९:३३

काका +१. स्वाक्षरीत टाकण्यासारखं आहे.

टिंबटिंब | रविवार, दुपारी १२:४५

थोडं अवांतर, पण जवळचंच. मी भामरागड-एटापल्ली भागात सर्वेक्षणाचं काम करते. आठ जणांची टीम, आठ वेगवेगळे फोन, बऱ्याच पाड्यांवर नेटवर्क नाही. पूर्वी एका कार्डावर नकाशे भरून प्रत्येकाच्या फोनमध्ये फोल्डर चिकटवून द्यायचे. नवीन फोनमध्ये ते फोल्डरच उघडत नाही. आठही जणांनी तालुक्याच्या गावी बसून एकेक करून उतरवायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. काही उपाय?

शिवाय गूगल मॅप्सचा ऑफलाइन भाग उतरवला होता, पण पायी जायचा मार्ग विचारला की दाखवतच नाही.

नकाशेगिरी | रविवार, दुपारी १:३०

गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन असताना फक्त गाडीचा मार्ग मिळतो. पायी, सायकल, बस यांचे मार्ग मिळत नाहीत. शिवाय उतरवलेल्या भागाला मुदत असते, अधूनमधून नेट मिळून तो ताजा झाला नाही तर निघून जातो. शहरात ठीक, पाड्यावर उपयोग नाही. ओएसमँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स दोन्हीत पायवाटेचा मार्ग विनानेट काढता येतो, कारण दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या, विदेवर (डेटावर) चालतात. तिथे मुदतही नाही, नकाशा जुना होतो इतकंच.

आठ फोनांसाठी सोपी वाट आहे. ओएसमँडच्या संकेतस्थळावर नकाशांच्या फाईली झिप करून ठेवलेल्या असतात. एकदाच उतरवा, झिप सोडवा, .ओबीएफ फाईल ब्लूटूथने किंवा कार्डावरून प्रत्येकाच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्ये द्या. मग ज्याच्या त्याच्या फोनवर ती फाईल 'ओएसमँडने उघडा' म्हणायचं. ॲप स्वतःच ती आपल्या खोलीत नेऊन ठेवतं. कुलूप बाहेरच्यांना असतं, मालकाला नाही. मग डाउनलोडमधली प्रत पुसून टाका, नाहीतर जागा दुप्पट खाईल.

टिंबटिंब | रविवार, दुपारी २:१०

हे चाललं! दोन फोनांवर करून बघितलं. खूप आभार. आमच्या एका दादांच्या जुन्या फोनमध्ये ३२ जीबीचं कार्ड आहे, त्यावर उपग्रहचित्रांची मोठी फाईल टाकताना 'जागा नाही' म्हणतंय, जागा तर भरपूर आहे.

घाटवाट | रविवार, दुपारी २:२५

फाईल ४ जीबीपेक्षा मोठी आहे ना? ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने मांडलेली येतात आणि त्यात एका फाईलची कमाल मर्यादा ४ जीबी. ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये येतात, तिथे हा त्रास नाही. फाईल दोन तुकड्यांत बनवून घ्या, एक भामरागडची, एक एटापल्लीची. जुने फोन एक्सफॅट ओळखतीलच असं नाही, म्हणून कार्ड बदलण्यापेक्षा हे बरं.

पायवाट | सोमवार, रात्री ८:५०

निकाल लागला. मिरजकर, पैज जिंकलात.

फोटो आधी लॅपटॉपवर उतरवले. पहिले साधारण १४ जीबी नीट आले, बाकीच्यांची फक्त नावं उरलीत. त्यात पुतणीच्या बारशाचे सगळे होते. असो.

मग कार्ड कोरं करून एफ३ चालवलं, भावाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे म्हणून. हा प्रोग्रॅम कार्डभर एकेक जीबीच्या फाईली लिहीत जातो आणि मग त्या वाचून ताडून बघतो. रात्री लावून झोपलो. लिहिताना एकही तक्रार नाही, ११९ फाईली आनंदाने लिहिल्या. वाचताना पहिल्या चौदा ठीक, पंधरावीत अर्ध्यातून बिघाड, सोळावीपासून शेवटपर्यंत एकेक सेक्टर बाद. १६ जीबीचं कार्ड, १२८ ची शाल.

११९ च का म्हणून आधी वाटलं फसवणूक तिथेच सुरू झाली, पण भावाने सांगितलं ते बरोबरच आहे. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.

मोबाईलवाला_मिरज | सोमवार, रात्री ९:१५

विंडोजवाल्यांसाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, काम तेच. फुकट आहे. नवीन कार्ड घेतलं की पहिल्याच दिवशी चालवायचं, परत करायची मुदत संपायच्या आत. सगळी जागा तपासायची, 'थोडीच तपासू' म्हणून पहिले दोन जीबी तपासण्यात अर्थ न्हाई, तिथं सगळीच कार्डं पास होतात.

आणि विकणाऱ्याला परत करा. मुदत गेली असली तरी तक्रार नोंदवा, निकालाचा स्क्रीनशॉट लावून.

पायवाट | सोमवार, रात्री ९:२२

मुदत गेली. विक्रेत्याचं पानही आता उघडत नाही. तक्रार टाकली आहे, 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलंय.

आता नवीन कार्ड कोणतं घेऊ? ए१, ए२, व्ही३०, यू३, दहा नंबरचा गोल. कार्डावर जागा नखाएवढी आणि पदव्या डॉक्टरच्या पाटीएवढ्या.

नकाशेगिरी | सोमवार, रात्री १०:००

नकाशासाठी 'ए' बघायचा. व्ही आणि यू हे व्हिडिओसाठी, म्हणजे एका ओळीत सलग किती वेगाने लिहिता येतं त्याची हमी. नकाशा काढताना ॲप फाईलमध्ये उड्या मारतं, इथला रस्ता, तिथला ओढा, पलीकडची समोच्च रेषा, सगळे छोटे छोटे तुकडे. ए१ म्हणजे असे तुकडे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं. ए२ चा आकडा ४००० आणि २०००, पण त्याचा पूर्ण फायदा घ्यायला फोनकडूनही साथ लागते. तुमच्या फोनला ए१ भरपूर झालं. सर्वसाधारण ट्रेकला ३२ जीबी पुरतं.

पण मी तर म्हणेन, नकाशे कार्डावर ठेवूच नका.

पायवाट | सोमवार, रात्री १०:०४

मग कार्ड कशाला घेऊ? जागा नाही हाच तर मूळ रोग.

नकाशेगिरी | सोमवार, रात्री १०:३०

फोनमध्ये जागा कशाने भरलीय ते बघा. लग्नाचे व्हिडिओ, गुड मॉर्निंगची फुलं, डाउनलोड करून विसरलेल्या पीडीएफ. ते सगळं कार्डावर जाऊ दे. रानात असताना ते सापडलं नाही तर काही बिघडत नाही. नकाशा, जीपीएक्स आणि ट्रॅक आतल्या मेमरीत. महाराष्ट्राचा नकाशा असून असून कितीसा मोठा? समोच्च रेषांची फाईल जड असते, हे मान्य. पण लोक नेमकं उलटं करतात. फोटो जिवाच्या जवळ, आणि ज्यावर जीव अवलंबून तो नकाशा बाहेरच्या कपाटात. कार्ड अस्सल असलं तरी ते ट्रेमधून सरकतं, गरम होतं, म्हातारं झालं की एक दिवस फक्त वाचण्यापुरतं उरतं. तेव्हा तुमचा ट्रॅक नोंदणं मधूनच थांबतं आणि ॲप काही बोलत नाही.

उतरवताना भारताचा नको, फक्त महाराष्ट्र घ्या. कधी न बघितलेला डोंगरछायेचा (उंचसखलपणा सावलीने दाखवणारा) थर आतल्या मेमरीत नको, तो हवा तर कार्डावर.

मोबाईलवाला_मिरज | सोमवार, रात्री १०:४५

एक सांगायचं राहिलं. नवीन कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात, 'फोनची मेमरी म्हणून वापरू का?' अँड्रॉइड ६ पासून हे आलंय. मोह होतो, ६४ चे १२८ झाले म्हणून. करू नका. फोन ते कार्ड कुलूपबंद करतो आणि किल्ली त्याच फोनच्या पोटात. उद्या फोन पडला, बोर्ड गेला, की ते कार्ड दुसऱ्या कुठल्याही फोनला, कॉम्प्युटरला वाचता येत नाही. कालच एक बाई असंच कार्ड घेऊन आल्या होत्या, मुलाचं सगळं बालपण त्यात. मी हात जोडले. दुसरं काय करणार? 'नेता येण्याजोगं' म्हणून जे असतं तेच निवडायचं.

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ६:५०

सगळे आपापलं शहाणपण सांगून झाले, आता माझं ऐका. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात, त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. एकेक पान १५ मिनिटं अक्षांशाचं, १५ मिनिटं रेखांशाचं. कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घ्या, घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. विभाग १७६७ पासून नकाशे काढतोय, तेव्हा तुमचं कार्ड पाळण्यातही नव्हतं.

नकाशेगिरी | मंगळवार, सकाळी ९:१०

काका, यावेळी तुमच्याशी सहमत, मीही एक पान नेतो. गंमत म्हणजे त्या मालिकेचं नाव ओपन सीरिज मॅप, म्हणजे तेही ओएसएम आणि आमचं ओपनस्ट्रीटमॅपही ओएसएम. एकदा ट्रेकला एकाला 'ओएसएम घेऊन ये' सांगितलं तर तो गुंडाळी घेऊन आला होता.

पण तीच पीडीएफ फोनमध्येही ठेवा. नकाशाचं ॲप कोलमडलं तरी पीडीएफ उघडते.

अळूवडी | मंगळवार, दुपारी १:१५

नकाशावर नावं मराठीत दिसतील का? माझ्याकडे 'टॉर्ना' असं काहीतरी इंग्रजीत येतं, वडिलांना वाचता येत नाही.

नकाशेगिरी | मंगळवार, दुपारी १:४०

सेटिंग्जमध्ये नकाशाची भाषा मराठी करा. ओपनस्ट्रीटमॅपवर ज्या ठिकाणाला कुणी मराठी नाव भरलंय तिथे ते दिसेल. भरलं नसेल तर नाही. वाड्या, टाकी, खिंडी यांची बरीच नावं राहिलीत. खातं काढा आणि भरा, तुम्ही पाचनईच्या आहात तर तुमच्याइतकं नेमकं कोण भरणार?

अळूवडी | मंगळवार, दुपारी १:५२

मी पाचनईची नाही, तिथे जेवते. पण भरते.

पायवाट | पुढच्या सोमवारी, रात्री ९:४०

राजगड–तोरणा झाला!

३२ जीबीचं ए१ कार्ड ओळखीच्या दुकानातून घेतलं, दुकानातच लॅपटॉप उघडून तपासायला बसलो तर मालक आधी वैतागला, मग स्वतःच खुर्ची ओढून बघत बसला. फोटो तिकडे, नकाशा आत. आतल्या मेमरीत आता ११ जीबी मोकळे आहेत, त्यातले ४ नुसत्या फॉरवर्डच्या व्हिडिओंचे होते.

शुक्रवारी फोन बंद-चालू, विमान मोड, आणि अख्खी धार बोटाने सरकवून बघितली. अळू दरवाजापासून मधल्या भुतोंड्याच्या खिंडीतला डांबरी रस्ता, तिथून पुढे बुधला माचीपर्यंत, पायवाटेची तुटक रेघ कुठेही तुटली नाही. या वेळी ढग नव्हते, गवत पिवळं पडायला लागलंय, वाट नकाशाशिवायही दिसली असती. फोन दोनदाच काढला. खिंडीत रस्ता ओलांडल्यावर वाट डावीकडून की उजवीकडून यावर दोघांचं भांडण लागलं तेव्हा, आणि बुधल्याखाली पाणी किती दूर हे बघायला. काकांचं पानही नेलं होतं, त्यावर बसून पोहे खाल्ले. वेल्ह्यात उतरलो तेव्हा बॅटरी ६१ टक्के.

खडूस_काका | पुढच्या सोमवारी, रात्री ९:५५

बसायलाही उपयोगी पडला. फोनवर बसून दाखवा.

मोबाईलवाला_मिरज | पुढच्या सोमवारी, रात्री १०:१०

अभिनंदन. ते डुप्लिकेट कार्ड तोडून टाकलं ना? कुणाला देऊ नका.

पायवाट | पुढच्या सोमवारी, रात्री १०:२४

तोडलं नाही. भावाने एफ३ च्याच जोडप्रोग्रॅमने त्यावर खऱ्या जागेएवढाच, १४ जीबीचा भाग पाडला, फॅट३२ मध्ये. तुम्ही नाराज व्हाल, पण त्यावर आईची भजनं भरलीत आणि ते तिच्या छोट्या स्पीकरमध्ये घातलंय. सगळी मिळून दीड जीबी होतात. उडाली तर पुन्हा भरेन. कार्डावर मार्करने '१६' लिहून ठेवलंय.

मोबाईलवाला_मिरज | पुढच्या सोमवारी, रात्री १०:३१

मार्कर पुसतंय. तपकिरी चिकटपट्टी नको, स्पीकरमध्ये अडकंल. सुईनं ओरखडा मारा, १२८ वर.